दाखलखारीज

सगळ्यात जुनं रजिस्टर उघडलं
की अजून सरकीचा वास येतो.
सेलूला स्टेशनच्या अंगाला, जिनिंगच्या वजनकाट्याच्या खोलीत
शाळा भरायची तेव्हा.
दुपारची गाडी आली की पोरी
तेरा साते म्हणून थांबायच्या,
गाडी गेली की एक्याण्णव.

सनाच्या रकान्यात फसली, तेराशे अठ्ठेचाळीस.
परवानगीचा अर्ज उर्दूत, पेशकाराकडून लिहून घेतलेला;
त्याचे दोन रुपये आणि पायलीभर हरभरे
मागच्या पानावर मांडलेत केवळाआत्यानं.
माझ्या सासूबाईंची आत्या. फोटो नाही.
नवरा गेल्यावर वाट्याला आलेली एकच खोली
तिनं भाड्यानं का दिली नाही,
त्याला रजिस्टरात रकाना नाही.

शेवटचा रकाना : शाळा सोडल्याचं कारण.
लग्न. लग्न. देवी. लग्न.
अठ्ठेचाळीसच्या श्रावणापासून पानं कोरी,
मग एक ओळ : गावात कोणी नव्हतं. मी पण.
बहात्तरला अक्षर बदललेलं, सासूबाईंचं, प्रयागबाईंचं :
खडी फोडायला. खडी फोडायला. खडी फोडायला.
वय नऊ, वय दहा.
सुकडी मात्र शाळेत वेळेवर यायची.

फार उशिरा लक्षात आलं माझ्या.
आत्या सगळं शाईनं लिहायची,
‘लग्न’ तेवढं पेन्सिलीनं.
सासूबाईंना विचारलं, कामून ओ?
त्या डाळ निवडत होत्या.
‘खोडता यावं म्हणून.’
किती खोडले मग?
‘दोन. एक वालूरची धुरपता.’
आणि दुसरी?
त्या उठून कुकर बघायला गेल्या.
कुकर अजून लावलाच नव्हता.

एकशे सतरा नंबरला कागद खरवडून पातळ झालाय.
उजेडाला धरला की
पलीकडच्या पानावरची पोरगी दिसते.
नाव : प्रयाग. वय : तेरा.
खाली बारीक अक्षरात, कापसाच्या गाडीतून परत.

त्यांनी स्वतः मात्र ‘लग्न’ लाल शाईनं लिहिलं,
इतकं दाबून
की खालच्या दोन पानांवर उमटलंय.
लिहून झालं की पायात चपला घालायच्या
आणि त्या पोरीच्या दारात जाऊन बसायच्या.
चहा घ्यायच्या नाहीत.
पुष्कळदा तशाच उठून यायच्या.

आता मी. तीन खोल्या, पत्रे,
अनुदान येईल असं वीस वर्षं ऐकतेय.
बेचाळीस मुली.
दिवाळीनंतर सहा जणी गेल्या कारखान्याला, आईबापाच्या कोयत्यामागं.
पोर्टलवर कारण यादीतून निवडायचं असतं,
निवडलं की ते पुसता येत नाही,
वर अर्ज करावा लागतो.
मी निवडलेलं नाही.

परवा तपासणीला साहेब आले.
म्हणाले, मॅडम, ह्या सहा?
मी वही पुढं केली. त्यांनी चष्मा वर केला,
‘हे पेन्सिलीनं कामून?’
म्हणलं, पेन संपला. नेटही नाही आठ दिवस.

नेट होतं.