हलू नका

खडेबाजारातल्या स्टुडिओत वीस वर्षं
जोतिबा किणयेकर एकच वाक्य बोलला: हलू नका.
नवरानवरी, मॅट्रिक झालेली पोरं,
एकदा तर खुर्चीला टेकवून बसवलेला मेलेला म्हातारा,
त्यालाही सवयीनं म्हणाला.

मग कोल्हापुरातल्या बुडीत कंपनीचा कॅमेरा
लिलावात घेतला, बायकोच्या पाटल्या मोडून,
आणि वडगावात हणमंत होसूरच्या मागासमोर
सतरा दिवस नुसता बसला.
अठराव्या दिवशी हणमंताची बायको
कांड्या भरायला जाताना त्याला ओलांडून गेली,
दाराशी झोपलेल्या मांजराला ओलांडावं तशी.
तेव्हा त्यानं बटण दाबलं.

मी त्याचा कान. भरमा, वय एकोणीस.
वेताच्या काठीला बांधलेला माईक,
खांद्यावर टेपची पेटी.
"ह्यात गोष्ट कुठं हाय?" मी विचारायचो.
"येतीय," म्हणायचा, "तिला बोलवू नको."

निपाणीत, विडीच्या कारखान्यात,
पहिल्या दिवशी बायका पदर नीट करत बसल्या,
मग चार दिवस हसल्या,
तिसऱ्या आठवड्यात भांडल्या,
छाट म्हणून काढलेल्या विड्यांवरून.
दिवाणजी ओरडत होता, कॅमेऱ्याकडे बघून.
किणयेकर बघत होता रंगव्वाच्या बोटांकडे.
भांडतानाही ती वळतच होती.

सेन्सॉरच्या फॉर्मात रकाना होता: चित्रपटाची भाषा.
हणमंत बायकोशी कन्नड बोलायचा,
मागाशी मराठी, सूतवाल्याशी दोन्ही.
त्या वर्षी पाट्यांना डांबर फासत होते,
एका रात्री हे, दुसऱ्या रात्री ते.
किणयेकरनं लिहिलं: खटक खटक.
फॉर्म परत आला. दोनदा.
तिसऱ्यांदा रकाना मोकळा ठेवून पाठवला.

मांडवात चादर बांधून दाखवला आम्ही.
निम्मे लोक उठून गेले, गाणं नाही म्हणून.
हणमंत शेवटपर्यंत बसला. मग म्हणाला,
"तिसऱ्या रिळात धागा तुटलाय माझा.
मला दिसला न्हाई. तुला दिसला.
सांगितलं न्हाईस."
किणयेकर ह्यावर काही बोलला नाही.
खरं त्या रात्री उपाशी झोपला,
आणि पुढं कधीही कुणी विचारलं,
मास्तर, चांगला कॅमेरामन म्हणजे काय,
की तो हणमंताचं नाव सांगायचा. कारण नाही.

चाळीस वर्षांत सहा चित्रपट.
एकातही त्याची सावली नाही,
दुपारचं ऊन असलं की आधी तो स्वतःची सावली बघून बसायचा.

आता टेपा माझ्याकडं. रात्री लावतो.
कॅमेऱ्यावर गोधडी घातलेली, तरी घरघर येते.
माग, कुणाचं तरी खोकणं, लांब लोंढ्याची गाडी.
आणि रीळ संपलं की
एक श्वास सुटतो,
हात हलू नये म्हणून धरलेला.

नातू विचारतो, कोण हाय हे?
मी म्हणतो, गप बस.
अजून एक येईल.