कापलेलं रीळ

मातोझिन्युशच्या बंदराकडे पाठ करून उभं असलेलं
हे थिएटर. खुर्च्यांची मखमल कडांना विरलेली.
बाराव्या रांगेत, खांबाशेजारी आमच्या दोन जागा,
कारण खांबाआड बसलं
की माझ्या कुजबुजीवर कुणी शुक् शुक् करत नसे.

एकोणीस वर्षं मी एवारिस्तूच्या डाव्या कानात
सिनेमे ओतले.
दार उघडलं. तो आत आला. टोपी भिजलीय.
ती बघतेय. नाही, त्याच्याकडे नाही, टोपीकडे.
कारखान्यातून सरळ यायचे मी, हातांना सार्डिनचा वास,
म्हणून तोंडापाशी हात न धरता बोलायचे.

आज पुन्हा तोच सिनेमा लागला,
पियानो जुळवणाऱ्या आंधळ्याचा.
डॉक्टर पट्टी सोडतो. एक फेरा, आणखी एक फेरा,
व्हायोलिनं गळा काढतात,
आणि त्याला पहिल्या फटक्यात खिडकी दिसते,
खिडकीतली नासपती, नासपतीवरचा डागसुद्धा.

एवारिस्तू हसला. मोठ्याने.
त्याला मार्चमध्ये पहिल्यांदा दिसलं ते
दुधात बुडवलेल्या फडक्यासारखं काहीतरी.
ते हललं, त्यातून माझा आवाज आला,
तेव्हा त्याने हिशेबाने ठरवलं, की हा चेहरा.
कात्री ओळखायला तो अजून ती उचलून बघतो.
बघतो म्हणजे चाचपतो.
आमचे शब्द अजून जागेवर बसायचेत.

मग तो भाग आला ज्याची मला धास्ती होती.
पत्रं वाचून दाखवणारी ती बाई
पट्टी सुटायच्या आधीच बॅग भरते.
स्टेशन. गाडी. वाफ.
संपला. एवढंच आहे त्या सिनेमात.

अकरा वर्षांपूर्वी, याच खांबाआड, मी सांगितलं होतं
की गाडी पुढच्या स्टेशनावर थांबते,
ती उतरते, तिच्या बुटाचा बंद सुटलाय,
रुळांच्या कडेने ती परत चालत येते,
उजाडायला लागतं, एक कुत्रा सोबतीला येतो,
ती दारात उभी राहते
आणि तो आतून विचारतो, कोण?
कुत्र्याला मी नावसुद्धा दिलं होतं.

दिवे लागले. त्याने माझ्याकडे पाहिलं,
म्हणजे माझ्या कपाळाच्या जरा वर, अजून नेम चुकतो.
"तो कुत्रा कुठे गेला?"
"कापलं असेल," मी म्हटलं, "जुनं रीळ. तुटतं.
जोडताना जातो एखादा भाग."
"हं." बराच वेळ तो कोटाची बटणं लावत राहिला.
"चांगला होता तो भाग. उजेड चांगला होता."

घरचा जिना चौदा पायऱ्यांचा.
डोळे उघडे ठेवले तर तो तिसरीवरच अडखळतो,
सावली त्याला पायरी वाटते, पायरी सावली.
आज खाली थांबून त्याने डोळे मिटले,
कठड्यावर हात ठेवला आणि भराभरा वर गेला,
माझ्या आधी.
वरच्या अंधारातून आवाज आला, "कोण?"

किल्ली माझ्याकडे होती.