सातवी भेट

सकाळची गाडी फाट्यावर सोडते.
तिथून अडीच किलोमीटर पायी,
धान कापून मोकळ्या पडलेल्या बांध्यांमधून.
पिशवीत टॉर्च, मोजपट्टी, वजनकाटा
आणि तिचा क्रमांक : शून्य चार एकोणीस.
नाव कागदावर लिहायचं नसतं.
नाव मी तोंडात धरून नेते,
पंचफुला नैताम, वय अंदाजे बावन्न,
खर्रा सोडल्याला वर्ष,
डाव्या गालातून लिंबाएवढा तुकडा काढल्याला अकरा महिने.

पहिल्या भेटीत संमतीपत्र वाचून दाखवलं होतं,
नऊ पानं, कॅन्सर केंद्राच्या व्हरांड्यात.
लोक भिंतीला टेकून डबे उघडून बसलेले.
म्हटलं, दोन गट आहेत. एकाला औषध,
दुसऱ्याला हुबेहूब तशीच गोळी, पण आत काही नाही.
कोणाला कोणती, ते डॉक्टरांनाही माहीत नसतं.
"मंग माहीत कोनाले हाय?"
कंप्युटरला.
"त्याले कधी तोंड आलं होतं का?"
आणि हसली. अर्धंच,
कारण अर्धंच हसता येत होतं.
मग अंगठा शाईत बुडवला.
मोहफुलं वेचून वेचून रेषा झिजलेल्या,
ठसा म्हणजे नुसता काळा गोळा.
साक्षीदार, शेजारच्या पेशंटचा मुलगा,
त्याने मात्र फार वळणदार सही केली.

तिसऱ्या भेटीत विचारलं, दुखणं किती?
शून्य ते दहा, आकडा सांगा.
"रातच्याले पायलीभर.
सकाळी शेरभर.
तू आली का मूठभर."
मी रकान्यात चार लिहिलं.
चार कुठून आणलं ते मला विचारू नका.

पाचव्या भेटीत गोळ्या मोजल्या, आठ कमी.
"जावेले देल्ल्या. तिचंबी तोंड येते."
अहो, त्यात कदाचित काहीच नसेल.
"नसन त नसन. तिले उतार पडला."
नियमभंगाचा वेगळा फॉर्म असतो, तो भरला.
सहभागीने औषध अन्य व्यक्तीस दिले.
जाऊ या शब्दाला तिथे जागा नव्हती.

आज सातवी.
दाराला कुलूप, कुलपावर पॉलिथिन बांधलेलं.
चूल सारवलेली, राखसुद्धा नाही.
फोन तीनदा केला. बंद.
आम्हाला शिकवलंय, तीन प्रयत्न करा,
मग 'संपर्क तुटला' वर खूण.
आमच्या रजिस्टरात असे एकतीस आहेत.

कुंपणापलीकडून आवाज आला,
"गेली थे."

आपल्या भाषेत दोन्हींसाठी हा एकच शब्द.
पेनाचं टोपण मी उगाच लावलं, काढलं.
विचारायला धजले नाही.
जावेनेच पुढे सांगितलं,
"मिरची तोडाले. तेलंगणात, टोळीसंग.
होळीले येते."

मिरची.
जिला भाताची पेजसुद्धा झोंबायची, गार करून,
चमच्याने उजव्या कडेनं घ्यायची,
ती आता दिवसभर मिरचीच्या खाटात
ओणवी उभी असेल
आणि संध्याकाळी मजुरी मोजून घेत असेल.
कशाने? गोळीने की गोळीतल्या काहीच-नाहीने?
लिफाफे उघडायला अजून दोन वर्षं आहेत.

"तुह्यासाठी ठेवून गेली," म्हणत जावेने
फडक्याची गाठ सोडली. चिंचोके.
खाल्लेल्या एकेका गोळीचा एकेक.
उंबऱ्यावर बसून मोजले, दोनदा.
छप्पन्न. माझ्या हिशेबातही छप्पन्नच.
खूण कुठे करायची, ते अजून ठरवलं नाही.

"माह्यासाठी नाई आनल्या का गोळ्या?"
ती विचारत होती, जीभ जड,
एक गाल जरा वर आलेला.
मी टॉर्च काढला.
म्हटलं, आधी तो खर्रा थुंका.
आता उजेडाकडे तोंड करा.
आ करा.