दोन रकाने

एप्रिलात नाला आटतो.
कोसमटोल्याच्या डोहात तेवढं
घोट्याएवढं पाणी राहतं.
तिथं उकिडवा बसून मी अस्वलाची विष्ठा धुतो.
रोजी मिळते, वर मॅडमचा चहा.
गावात मला आता शेणधुव्या म्हणतात.
बायको म्हणते, ती चाळणी घरात आणाची नाही.

वास?
खरं सांगू, मोहाच्या दिवसांत गोडच येतो,
उन्हात विसरलेल्या हंडीसारखा, थोडा चढणारा.
फुलं जशी गिळली तशीच पडलेली,
फुगलेली, पिवळट, चावायचेही कष्ट नाहीत.
दुसऱ्या ढिगात वाळवीची डोकी.
हजारो. मोहरीहून बारीक.
धडं कुठं गेली कोण जाणे.
बहाव्याच्या चपट्या बिया, बोराची आठोळी,
मधमाशीचा एक पंख, अख्खा,
आणि माती, माती, माती.

मॅडमच्या कागदावर दोन रकाने:
वनस्पती. प्राणी.
मी मोजतो, त्या लिहितात.

एकदा विचारलं, मॅडम, मातीचा रकाना कुठं?
ती धरत नाहीत, मनिराम.
पण पोटात तर तीच जास्त जाते!
वारूळ फोडतं, आधी फुंकर मारून धूळ उडवतं,
मग नाकपुड्या मिटतं, ओठांची नळी करतं
आणि ओढतं.
रात्री दोन बांध्यांपलीकडून ऐकू येतं,
कोरड्या विहिरीत कुणी मोटर चालू ठेवावी तसं.
ज्याला सगळंच चालतं
त्याला निवडत बसता येत नाही.

दुपारी डबा उघडतो.
भात, लाखोरीचं वरण, सुकलेले झिंगे,
पानात बांधलेली लाल मुंग्यांची चटणी.
मॅडमकडे पोळी आणि बटाटा.
म्हटलं, माझा डबा चाळला
तर तुमचा कागद पुरणार नाही.
त्यांनी चटणी बोटावर घेतली, डोळे मिटले,
म्हणाल्या, आंबट आहे.
आणखी घेतली.

तेराव्या नमुन्यात चिंधी निघाली.
हिरव्या चौकटीची, कोपऱ्याला गाठ.
गाठ सुटलेली नव्हती.
मी ओळखली, पण लगेच बोललो नाही,
पाण्यात दोनदा जास्तच धुतली.

मागल्या सोमवारी, दिसायच्या आधी,
पारबताकाकू मोहाखाली वाकली होती.
तेही वाकलं होतं, झाडाच्या पलीकडून.
दोघांच्या माना खाली, दोघांचं तेच वेचणं,
तिचं टोपलीत, त्याचं तोंडात.
बुंध्याला वळसा घालता घालता
एकमेकांवर आले.
सतरा टाके पडले. डावा कान गेला.
शिदोरी राहिली झाडाखाली.

मॅडमनी चिंधी चिमट्यानं उचलली,
उजेडाकडे धरली.
सुती आहे, म्हणाल्या. म्हणजे कापूस.
आणि थोडं थांबून
वनस्पतीच्या रकान्यात लिहिली.
गाठीत मिरचीचं एक बी अडकलं होतं.
तेही.

संध्याकाळी काकूकडे गेलो.
अर्धं तोंड पट्टीत, उरलेल्या अर्ध्यानं बिडी ओढत होती.
सांगू की नको असं चाललं होतं माझं,
तिनंच विचारलं,
"माही शिदोरी खाल्ली का रे त्यानं?"
खाल्ली.
"फडक्यासकट?"
फडक्यासकट.
"तिखट लागली असन बाप्पा त्याले."
हसायला गेली, टाके ओढले,
तशी कण्हली, मग कूस बदलून भिंतीला म्हणाली,
"उद्या कोन जाते झाडाखाली?
फुलं सडतीन फुकट."

पहाटे मीच गेलो, तिची टोपली घेऊन,
वाटभर खोकत, काठी आपटत,
आपण येतोय हे कळावं म्हणून.
झाडाखाली अंधार होता, गोड, चिकट.
बॅटरी लावली.
अर्ध्या झाडाखालची फुलं
कुणीतरी आधीच वेचून नेली होती.