बिजागरी विभाग, दुसरी पाळी

शूलिनच्या या कारखान्यात लॅपटॉप आम्हाला दिसत नाही,
दिसते ती फक्त त्याची मान.
बोटाच्या पेराएवढ्या दोन बिजागऱ्या, डावी आणि उजवी,
आणि त्यांना उघडणारा, मिटणारा यंत्राचा हात.
वीस हजार वेळा.
दिवसाला दहा धरले तर कुणाची तरी साडेपाच वर्षं.
यंत्र ती अडीच दिवसांत जगून टाकतं.

पुढच्या वर्षीचं मॉडेल कसं, ते कुणी सांगत नाही.
येतो तो नकाशा,
गिऱ्हाइकाचं नाव काळ्या पट्टीखाली.
पण जाडी केसभर उतरली की कळतं, झाकण रोडावतंय.
पीळ घट्ट मागितला की समजायचं, पडदा जड होणार.
एकदा तारांचं भोक नकाशातून नाहीसं झालं,
तेव्हा लाय युए-श्या छातीठोकपणे म्हणाली,
"कॅमेरा काढतायत."
कॅमेरा गेला नाही. भोक खाली सरकलं होतं.
आठवडाभर तिने कुणाशी पैज लावली नाही.

या खेपेला नमुने आलेत चाळीस.
मागच्या खेपेला चारशे होते.

जेवणाच्या सुट्टीत डब्यांआधी तर्क उघडले.
यो-छंग म्हणाला, घडीचा पडदा येतोय,
बिजागरी आता पाठीच्या कण्यासारखी लागेल, मणक्यामणक्यांची.
थूय म्हणाली, बाक निन्हला आमच्या गावाशेजारी
नवी शेड उभी राहतेय,
उरलेले तीनशेसाठ तिकडे गेले असतील.
ती हे हसत म्हणाली, मग एकदम भात कालवू लागली.
कुणी म्हणालं, ही मालिकाच बंद.
युए-श्या बोलली नाही.
पहिल्या मॉडेलपासून अकरा पिढ्या तिच्या हाताखालून गेल्यात.
पहिली बिजागरी तिच्या किल्ल्यांत अडकवलेली आहे,
बोजड, अजून ताठ.

यंत्रावर मक्याच्या कुरकुऱ्यांचा पुडा ठेवायची इथली रीत.
हिरवाच हवा, म्हणजे यंत्र शहाण्यासारखं वागतं.
मुदत टळलेला चालत नाही.
मॅनेजर तोंग दरवर्षी अख्खं खोकं आणतात.
परवा एकच पुडा आणला, हातात धरून,
ठेवला, आणि आमच्याकडे न बघता गेले.
युए-श्याने चष्मा कपाळावर ढकलला,
पुडा उलटा करून तारीख वाचली.
"जुलै," म्हणाली. इतकंच.
दुकानात तेवढाच असेल, यो-छंग म्हणाला.
असेलही.

रात्री अकराला मी सतरावा नमुना बसवला.
शंभराव्या फेरीला बारीक कुरकुर ऐकू आली,
वंगण नवीन आहे, बसेल.
नोंदवहीत शेवटचा रकाना असतो: पुढची चाचणी कधी.
तिथे मी नेहमी शाईने लिहिते.
आज पेन्सिल घेतली,
आणि यंत्र दोनशेवर जाईपर्यंत
टोक करत बसले.