पुडीतले दात

शारजात आम्ही अकराव्या मजल्यावर राहतो.
वर आणखी सहा मजले, त्यावर कुणाकुणाचे एसी,
त्याच्याही वर आभाळ, तेही बहुतेक भाड्याचं.
दात फेकायला आपलं म्हणावं असं छप्परच नाही.
म्हणून तनिष्काचा पहिला दात पडला
तेव्हा ह्यांनी दुकानातून गुलाबी कागद आणला,
ज्यात सोन्याची कणी बांधतात तो,
सराईत बोटांनी घड्या घातल्या
आणि वर पेन्सिलीनं वजनही लिहिलं.

गलाईवाल्याच्या घरात काही फेकत नाहीत.
दुकानातला केरसुद्धा पोत्यात साठतो,
वर्षाअखेर जाळायचा, धुवायचा,
राखेतून एखादा ग्रॅम निघतोच.
माझ्या केरात निघतं ते वेगळं:
रणजितच्या पेन्सिलीचं टोक, खजुराची बी,
जुळ्यांपैकी एकाचा मोजा, वाळलेला भात,
आणि खिडक्या बंद असूनही आलेली वाळू.

पावणेसहाला चार डबे.
स्वराला तूप चालतं, पोळी नाही.
विराजला पोळी चालते, तूप दिसलं की रडतो.
लिफ्टमध्ये मोजते. बसच्या दारात मोजते.
रात्री अंधारात पाय चाचपून मोजते, आठ भरले की झोपते.
कुणाला ताप चढला की
विट्यात किती वाजले ते आधी बघते.
दीडच तासाचा फरक,
पण दीड तासात भिंतीपलीकडचं कुणी
चटणी-मीठ मागायलाही येत नाही.

जुलैच्या सुट्टीत आलो.
कराड सोडलं आणि विराज ओकला,
बाकीच्यांनी खिडकीतून ऊस मोजायचा नाद सोडला.
विट्यात पाऊस नुसता वास दाखवून पुढं गेलेला.
पुडी पर्समध्ये, कस्टमवाल्यानं उघडून बघितलेली,
त्यानं काय समजायचं ते समजला.

पण घराची कौलं गेलीत.
दिरांनी स्लॅब टाकलाय, आम्हीच पाठवलेल्या पैशांचा,
वर टाकी, सोलर, डिशची छत्री.
तनिष्कानं पहिला दात फेकला
तो पन्हाळीतून गडगडत परत तिच्या पायाशी.
तीनदा.
चौथ्यांदा हौसाक्का म्हणाल्या,
"आगं, आमच्या गोठ्याचा पत्रा हाय की. किती दात हैत?"
"अकरा."
"आन् हे काय लिव्हलंय?"
"वजन."
म्हशीनंही मान वळवून बघितलं
इतक्या मोठ्यानं हसल्या.

टण्, टण्.
रणजित त्याचे तीन द्यायला तयार नाही.
शाळेत सांगितलंय, परी उशीखाली दिरहम ठेवते.
"इथली परी किती देते?"
हौसाक्कांनी ओंजळभर भाजक्या शेंगा दिल्या.
त्यानं दोन दात दिले, एक मुठीतच ठेवला.
जुळ्यांचे सगळे दात शाबूत,
म्हणून दोघं भोकाड पसरून बसली.
त्यांना खडे दिले. मग पत्र्याला थांबवणं नव्हतं.

त्या संध्याकाळी भाकरी थापताना
एकदम आठवलं, मी मोजलंच नाही.
किती वेळ? दोन तास? जास्त?
उठले तशीच, पिठाचे हात घेऊन,
अंगणात एक, जिन्यावर एक, नळाखाली एक.
विराज हौसाक्कांच्या ओसरीवर झोपलेला,
अंगावर त्यांचं जुनं लुगडं, ओठाला गूळ.
"उठवू नगंस," म्हणाल्या.
मी तिथंच खांबाला टेकले.
पीठ हातावर सुकेपर्यंत.

परत निघताना बॅग दोन किलो जास्त भरली.
जोंधळ्याचं पीठ काढून ठेवलं,
रिकामी पुडी ह्यांनी घडी करून खिशात घातली.

परवा सकाळी त्यांचा फोन.
"आगं, वाऱ्यानं एक दात खाली आला,
कोंबडीनं उचलला वाटतंय. कुणाचा व्हता?"
मी लिफ्टमध्ये होते, दार मिटत होतं,
म्हटलं, थांबा हौसाक्का,
तिनावर आलेय.