शिळा सण

काल दारफाळणी झाली.
पांढरा सदरा अजून खुर्चीच्या पाठीवर,
जिभेला उपासाची कोरड,
आणि आज दार सताड उघडं.

कुठल्याच पोथीत नाही हा दिवस.
अश्दोदहून भाचा फोनवर हसतो:
"बेंजामिनमामा, इकडे असलं काही नसतं.
उपास सुटला की आम्ही मांडवाचे खिळे ठोकायला घेतो."
ठोक बाबा.
आमच्याकडे मधे एक दिवस उरतो,
शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या तेल्यांनी
उरलेले सहा दिवस बैलामागे फिरता फिरता
आपल्या बोलीत नाव ठेवलेला.

आई सांगायची,
आपली गेलेली माणसं उपासाआधी घरी येतात,
दिवसभर भिंतीला टेकून बसतात, काही मागत नाहीत,
आणि आज निघतात.
म्हणून आज दारी आलेल्याला रित्या हाती लावायचं नाही
आणि चार घरी जाऊन यायचं.

चार घरं.
चरईतले दिवेकर मी शाळेत असतानाच दिमोनाला गेले.
कोलबाडची फ्लोरामावशी गेली, तिच्या पोरींचे पत्ते गेले.
सॅमसन चार्लेकर आहे, पण तो आता
मला माझा थोरला भाऊ समजतो.
उरलं एक.

परवाचा चिकाचा हलवा डब्यात घातला.
कडा कोरड्या पडलेल्या, वेलची जागी.
उथळसरला मोझेलआत्याची बैठी खोली होती
तिथे बावीस मजले उभे आहेत.

गेटवरच्या पोराने वही पुढे ओढली.
नाव?
बेंजामिन आवसकर.
कुणाकडे?
मोझेल आवसकर.
फ्लॅट नंबर?
तळमजला. पेरूच्या झाडाला लागून.
त्याने पार्किंगच्या खांबांकडे पाहिलं,
मग माझ्याकडे.
"इथं नुसत्या गाड्या हायेत, काका."
माहीत आहे. लिही.

काल दिवसभर छातीवर मूठ आपटून
देवाची माफी मागितली.
देवाशी सोपं असतं, तो सही तपासत नाही.
आत्या सिव्हिलमध्ये असताना
बिल्डरच्या कागदावर मी तिची सही केली होती.
चांगली जमली होती. तिचा म तसाच, शेपटीवाला.
घरी आल्यावर ती फक्त म्हणाली,
पेरूचा बहर होता रे.
पुढे सहा वर्षं माझ्याच घरी जेवली
आणि मीठ कधी मागून घेतलं नाही.

त्या माफीला कालचा दिवस पुरत नाही.
तिथे देवाचा हात पोचत नाही म्हणे,
माणसालाच चालत जावं लागतं.
तेल्यांना ठाऊक असणार.
नाहीतर उपास सुटल्यावर, पोट भरल्यावर
आणखी एक दिवस कोण कशाला ठेवील?

पोराने डबा उघडला. नाव इंगोले, गाव वाशीमकडचं,
रात्रपाळी करून दिवसाचीही घेतलेली.
"शिळा हाय का?"
परवाचा.
एक तुकडा तोंडात टाकून त्याने डोळे बारीक केले.
"मुरला हो चांगला."
मग दुसरा घेतला.

मी खांब नंबर चौदापाशी उभा राहिलो.
तेलाचा एक डाग होता, कुणाच्या तरी गाडीचा.
म्हणायचं ते म्हटलं.
लिफ्ट वर गेली, खाली आली.

परत येताना त्याने पेन उघडलं.
"काका, जायचा टाइम किती टाकू?"
माझा टाक, अकरा वाजून दहा.
तिचा राहू दे कोरा.